तिसऱ्या ओळीनंतरचा खोकला

ओरोस, रविवार, १० सप्टेंबर २००६

दादा,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यात दोन कागद गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील, आणि 'प्रिय' आपल्या घरात कोणी कोणाला लिहीत नाही. तेव्हा नुसतं दादा.

वेरावळच्या तुझ्या बोटमालकाचा फोन नंबर आईकडे आहे. पण फोन तू ठेवून देशील. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान दोन ओळी वाचतो, आणि मला दोनपेक्षा जास्त ओळी लागणार आहेत.

परवा शुक्रवारी पुण्याहून एक जोडपं सडेवाडीला आईकडे आलं. प्रितेश आणि रिया, तिशीच्या आतबाहेरचे. त्यांनी माझं नाव विचारलं, आईला वाटलं माझ्या शाळेच्या कामाने आलेत, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. ते आले होते 'तेरहवाँ सूरज' बघायला. वीस वर्षांपूर्वी आपल्या गावावरच्या उघड्या कातळावर, सड्यावर, त्या टीव्ही मालिकेचं शूटिंग झालं होतं. लहानपणी दर रविवारी सकाळी हा मुलगा आंघोळ न करता ती बघत बसायचा म्हणे. आता त्याच्यासारखे दीडेकशे लोक इंटरनेटवर एकमेकांना लिहितात आणि कुठला भाग कुठे काढला ते शोधून काढतात. गेल्या वर्षी त्यांना रॉकेट उडायचं ठिकाण सापडलं. ती कुठलीशी बंद पडलेली गिरणी निघाली. तेराव्या सूर्याचा ग्रह मात्र राहिला होता.

मी त्यांना सड्यावर नेलं. तुला माहीत आहे, सप्टेंबरात सडा कसा असतो. कातळ दिसतच नाही. निळी, जांभळी, पिवळी फुलं, मधे मधे साचलेलं पाणी. प्रितेशने पिशवीतून मालिकेतले छापलेले फोटो काढले. तांबडा काळा भाजलेला कातळ, त्यावर चंदेरी कागद लावलेलं प्लायवूडचं यान. तो फोटोकडे बघे, फुलांकडे बघे.

"मॅडम, हा तो ग्रह नाही," तो म्हणाला.

"तोच आहे. मे महिन्यात या."

मग मी त्यांना यान उभं होतं ती जागा दाखवली. चार खुंट्यांची भोकं अजून आहेत, त्यात पाणी आणि बेडकाची पिल्लं. राजाचं सिंहासन म्हणजे आईची कुळीथ वाळवायची पाटी, हे ऐकून रिया इतकी हसली की खाली बसली. सेनापती कुठे उभा होता तेही दाखवलं. तो उंच सेनापती कोण होता, त्यांनी विचारलं. माझा भाऊ, म्हटलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच परग्रहावरून आले. तुझ्याबद्दल पुण्यात दीडशे लोकांना माहिती आहे, दादा. तुझ्या चालण्याची ते नक्कल करतात.

मग प्रितेशने विचारलं ते सांगते. नवव्या भागात तो राजा आपल्या सैनिकांपुढे कुठल्याशा अगम्य भाषेत प्रार्थना करतो, आणि तिसऱ्या ओळीनंतर खोकतो. त्यांच्यात यावर दहा वर्षं वाद आहे. एकजण म्हणतो त्या ग्रहावरची हवा विरळ आहे. दुसरा म्हणतो ते खोकणं नाही, त्यांच्या भाषेतलं अक्षर आहे.

त्याला मी सांगितलं की ती भाषा मालवणी आहे आणि ती प्रार्थना म्हणजे आमच्या गावाचं गाऱ्हाणं. दसऱ्याला देवळात एक मानकरी गावाच्या वतीने देवाशी बोलतो, सगळ्यांचं सुखदुःख त्याच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक ओळीला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हा मान आमच्या घराचा होता. त्या मालिकेमुळे तो गेला.

"म्हणजे कोणी चोरलं का ते?" रियाने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

ते मी दिलं. शूटिंगच्या वेळी दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणारी जान्हवी आपल्या घरी आठ दिवस राहिली होती, माझ्याच खोलीत. तिने मागितलं आणि मी दिलं. तू नव्हे. बाबा नव्हेत. गावाने एकोणीस वर्षं तुला धरलं आणि मी धरू दिलं.

आपला मान ज्यांच्याकडे गेला त्या गुणाजीकाकांचा आवाज आता बसत चाललाय. त्यांना मूलबाळ नाही. या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाऱ्हाणं कोणाकडे जाणार ते देवळात ठरायचं आहे. तुझ्यावरचा डाग तसाच राहिला तर ते आपल्या घरातून कायमचं जाईल, तुझ्या मुलाला, प्रितमलाही मिळणार नाही. त्याआधी मी देवळात उभी राहून सांगणार आहे. परवानगी मागत नाही. कळवते आहे.

यशोदा


ओरोस, रविवार, १७ सप्टेंबर २००६

दादा,

मागच्या पत्राची नक्कल मी वहीत ठेवली आहे. काल ती वाचली आणि एका वाक्याखाली लाल रेघ मारली, मुलांच्या वहीत मारते तशी. 'तिने मागितलं आणि मी दिलं.' हे खरं नाही.

जान्हवीने गाऱ्हाणं मागितलं नव्हतं. तिला ते असतं हेही ठाऊक नव्हतं. दुपारचं जेवण झालं होतं, तुम्ही सगळे मालिकेतले सैनिक होऊन, डोक्यावर फायबरच्या कवट्या चढवून सड्यावर तापत होता. ती ओटीवर टेपरेकॉर्डर पुसत बसली होती. म्हणाली, राजाच्या तोंडी घालायला काहीतरी जुनं, ठसक्याचं हवंय, दिल्लीत कोणाला कळू नये असं. एखादं गाणं येतं का तुला? मी म्हटलं, गाणं नाही, पण एक गोष्ट येते. टेप सुरू कर.

आणि मी ते अख्खं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने.

तुला आठवतं, बाबा तुला रोज दिवेलागणीला माजघरात बसवून शिकवायचे. तू चुकायचास, ते पुन्हा म्हणायचे. मी तिथेच तांदूळ निवडत असायची. आठ वर्षांची होते तेव्हापासून. तुला यायच्या आधी मला ते आलं होतं. तुला ओळ सुचायची नाही तेव्हा माझे ओठ हलायचे. एकदा बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "गो, तू तांदळातले खडे बघ." रागाने नव्हे. मांजराला बाजूला करावं तसं.

मी बी.ए. झाले, पण ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. विहिरीवरही नाही. कोणीतरी ऐकेल म्हणून. आणि ती परगावची मुलगी हातात माईक धरून माझ्यासमोर बसली होती. मदत म्हणून नाही दिलं, दादा. मला ते म्हणायचं होतं. माझ्या आवाजात कसं वाटतं ते ऐकायचं होतं. तिने टेप मागे फिरवून ऐकवली तेव्हा मला कसलाही पश्चात्ताप झाला नाही. मी खूश होते. हे आज लिहितानाही खोटं लिहिता येत नाही.

त्यात खोकलाही आला. बाबा तिसऱ्या ओळीनंतर नेहमी खोकायचे, ते गाऱ्हाण्यातलंच आहे असं लहानपणी मला वाटे. म्हणून मी तोही घातला. पुढे स्टुडिओत राजाला आवाज देणाऱ्या माणसाने टेप ऐकून जसंच्या तसं म्हटलं. खोकल्यासकट.

आपल्या लोकांना शूटिंगच्या वेळी कळलं नाही याचं कारण तूच नंतर सांगितलं होतंस. सड्यावर तो राजा 'एक, दो, तीन, चार' म्हणत नुसते ओठ हलवायचा. आवाज नंतर भरला. म्हणून सगळ्यांना एकदम कळलं ते पुढच्या वर्षी, वाण्याच्या ओटीवर. पोफळीच्या खांबावर अँटेना बांधून पणजी केंद्र पकडलं होतं. अर्धा गाव जमलेला. स्वतःला बघायला तुझ्याबरोबर सैनिक झालेला लवू नवा शर्ट घालून आला होता, आणि कवटीमुळे त्याला स्वतःला ओळखता येत नव्हतं. "तो डावीकडचो मी," तो सांगत होता. "नाय, उजवीकडचो." लोक हसत होते. मग राजाने हात वर केले आणि बाबांचं गाऱ्हाणं म्हणायला लागला. तेव्हाही आधी हसलेच सगळे. मग तो खोकला.

गुणाजीकाका उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. नावांच्या पाट्या वर सरकायच्या आधीच.

त्या पाट्या मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा बघितल्या. सड्यावर ऊन होतं, प्रितेशच्या लॅपटॉपवर लावलेल्या सीडीतलं काही दिसेना, म्हणून त्याने वरून रेनकोट धरला आणि आम्ही तिघांनी आत डोकी घातली. शेवटी हिंदीत आलं, 'विशेष आभार : कुमारी यशोदा गावकर, सडेवाडी.' त्यावरूनच ते मला शोधत आले होते. माझं नाव एकोणीस वर्षं त्या मालिकेत बसून होतं. त्या दिवशी काकांनी दोन मिनिटं दम धरला असता तर तू आज घरी असतास. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तर मी स्वतः उठून टीव्ही बंद केला असता. माझं लग्न ठरलेलं होतं.

देवळात कौल लावला तो दिवस मी लिहिणार नाही, तू तिथे होतास. फक्त एक लिहिते. देवाला विचारलं होतं, "ह्या घरातसून गाऱ्हाणां भायर गेलां काय?" पाकळी उजवी पडली. देव 'हो' म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. घरातून गेलंच होतं. घरातल्या कोणी दिलं, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. कारण गाऱ्हाणं येणारी घरात दोनच माणसं, बाबा आणि त्यांच्या जागी दोन वर्षं देवळात उभा राहिलेला तू. आणि तू तर शूटिंगमध्ये राजाच्या शेजारी उभा.

तू काही बोलला नाहीस. मीही नाही. तू बाबांच्या बाराव्याला आलास तेव्हा माझ्या हातचा चहा घेतला नाहीस, आणि मी त्याचा अर्थ लावत अकरा वर्षं घालवली.

यशोदा


ओरोस, रविवार, २४ सप्टेंबर २००६

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकोणीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि ते अजून तसंच पालथं पडलेलं आहे. 'गप रव. झालां ता झालां. देवळात काय एक बोला नको.' बस.

शुक्रवारी दुपारी आलं. मी ते स्वयंपाकघरात ठेवलं आणि येताजाता वाचत राहिले. संध्याकाळी हे म्हणाले, "तीन वाक्यं आहेत. पाठ झाली असतील एव्हाना."

पाठ झालीच होती. त्यात काय नाही ते शोधत होते. 'तू दिलंस?' असं त्यात नाही. शिवी नाही. 'का' नाही. एखाद्याला एकोणीस वर्षांनी असं पत्र मिळालं, तर तो निदान दचकतो. तू दचकला नाहीस.

काल शनिवारी मी सकाळच्या एसटीने सडेवाडीला गेले. आई घटाला माती चाळत होती. तिला सरळ विचारलं, "आये, दादाक म्हायत होतां?"

तिने चाळण खाली ठेवली नाही. "कसला?"

"गाऱ्हाणां मी दिलां ता."

आई थोडा वेळ चाळत राहिली. मग उठली, आतल्या खोलीत गेली, आणि तिच्या लग्नातल्या पेटीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. माझी शहाऐंशी सालची रोजनिशी. ती हरवली म्हणून मी तेव्हा घर पालथं घातलं होतं. जान्हवी घेऊन गेली असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या बिचारीला मनातल्या मनात चोर ठरवलं होतं.

"तेणां जाताना दिल्यान," आई म्हणाली. "म्हणालो, कोणाच्या हाती पडता नये, कणगीत घाल. मी दोन वर्सां भातात ठेवलंय. मगे उंदरांचो भ्याव."

"आणि तू वाचलंस?"

"माका वाचूक येता काय गो? पण झील रडत रडत वही देता, तेतूर काय आसात ता कळाक वाचूक कशाक व्हया?"

वहीतलं ते पान मी उघडलं. १४ एप्रिल. 'आज मी गाऱ्हाणं म्हटलं. सबंध. जान्हवीने टेप केलं. कोणी अडवलं नाही.' खाली तुझ्या बोटाचा तेलकट डाग आहे. तू ते वाचलंस, कौलाच्या आधी की नंतर ते मला माहीत नाही, आणि वही उचलून आईकडे कणगीत घालायला दिलीस. माझं लग्न मोडू नये म्हणून. मग वेरावळला गेलास.

दादा, मी रात्रभर हे उलटंपालटं केलं. मला रडायला यायला हवं होतं. आलंही. पण त्याच्या मागून राग आला, तो लिहिते. तो लिहिला नाही तर ही पत्रं लिहिण्यात अर्थ नाही.

तू मला वाचवलंस. त्याची किंमत तू दिलीस, मी नाही. याबद्दल मी तुझ्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे. पण तूही त्या दिवशी बाकीच्यांसारखंच केलंस. बाबांनी मला तांदळाकडे बघायला सांगितलं, गावाने दोषी धरायलासुद्धा माझा विचार केला नाही, आणि तू माझी वही भातात पुरलीस. मी आयुष्यात एकदा काहीतरी केलं, चूक का असेना, आणि ते मी केलं असं कोणीच मानायला तयार नाही. मला विचारलं असतंस तर? तेवीस वर्षांची होते. कदाचित घाबरून 'गप्प बस' म्हटलं असतं. बहुतेक तसंच म्हटलं असतं. तरी विचारायचं होतंस.

आता मी बेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या वर्गात पन्नास मुलं गप्प बसतात. तुझं कार्ड मी वहीत डकवून ठेवलं आहे. त्यातलं ऐकणार मात्र नाही.

आई म्हणाली, देवळात बोलशील तर ती सोबत येईल. मी म्हटलं, तुझे गुडघे? म्हणाली, "गुडघ्यांनी बोलाचा आसा काय?"

यशोदा


सडेवाडी, मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६

दादा,

घडलं ते सगळं लिहिते, माझ्या बाजूने काही चढवणार नाही. कालच रात्री वहीत उतरवलं आहे, त्यावरून लिहिते.

दुपारी तरंगं, म्हणजे देवांचे लुगडी नेसवलेले खांब, देवळाबाहेर यायच्या आधी सगळे सभामंडपात बसले होते. पुरुष मधे, आम्ही बायका खांबांच्या पलीकडे. गुणाजीकाका गाऱ्हाण्याला उठले तेव्हा मी म्हटलं, "काकानू, त्याच्या आधी माका काय सांगाचा आसा."

लवू मागे होता. टक्कल पडलंय त्याला आता. म्हणाला, "गो यशोदा, शाळेक सुट्टी म्हणान हयसर वर्ग भरवतलंस काय?" लोक हसले. मलाही हसू आलं, आणि मी खांबाच्या पुढे आले.

मी सांगितलं. उभं राहून, चार वाक्यांत. टेप, जान्हवी, वही, आणि सत्यवानाचा, म्हणजे तुझा, काही दोष नाही.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. त्याची मी तयारी केली होती. शिव्यांना काय उत्तर द्यायचं तेही लिहून काढलं होतं. काहीच झालं नाही. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, आणि गुणाजीकाका अगदी मायेने म्हणाले, "चेडवा, भावाक सोडवूक बघतस, बरां करतस. पण देवाफुडे खोटां बोला नको. बायलांका गाऱ्हाणां येणा नाय."

मी वही पुढे केली. त्यांनी हातही लावला नाही. "कागदार कायय लिवता येता." प्रितेशने दिलेली सीडी दाखवली. वाण्याचा मुलगा म्हणाला, "कम्प्युटरार आता कोणाचाय नाव घालूक येता, मावशी." त्याचंही खरंच होतं.

दादा, याचा मी विचारच केला नव्हता. शिक्षा होईल, वाळीत टाकतील, हे सगळं धरलं होतं. विश्वास ठेवणार नाहीत हे धरलं नव्हतं. आईने खांबाला टेकून माझ्याकडे बघितलं. तिने काही खूण केली नाही. नुसतं बघितलं.

मग मी चप्पल नसलेले पाय नीट जुळवले, देवाकडे तोंड केलं आणि सुरू केलं.

"बा म्हाराजा, आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

एक ओळ कोरडी गेली. दुसरीला मागून लवूच्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा." त्याला कळायच्या आत. चाळीस वर्षांची सवय. त्याच्याबरोबर आणखी दोघंतिघं. शेजारच्याने लवूला कोपर मारलं. तिसरी ओळ मी म्हटली, त्यावर निम्मा मंडप 'व्हय म्हाराजा' म्हणाला, आणि मी खोकले. मुद्दाम नव्हे. ते तिथे येतंच मला.

गुणाजीकाकांनी हात वर केला. मी थांबले.

काका माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. "तुझो बापूस थंयच खोकां होतो," ते म्हणाले.

"व्हय."

"आणि त्या टीवीतलोव."

"व्हय, काकानू."

मग लोकांकडे वळून, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "सत्यवान दोन वर्सां हयसर उभो रवलो. तेका एकदाव खोकलेलो कोणी आयकल्यात?"

कोणी नव्हतं ऐकलं. तू खोकायचास नाही. बाबांनी तुला ओळी शिकवल्या, तू ओळी घेतल्यास. खोकला मी घेतला होता. एकोणीस वर्षं सगळ्यांनी तो खोकला म्हणजे आपल्या घराची खूण धरली, आणि तो तुझा नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी वहीत बाकी सगळं मांडलं, हे सोडून.

"चुकलांव आमी," गुणाजीकाका म्हणाले. एवढंच. मग मला म्हणाले, "सुरू केलंस ता आता अर्ध्यार सोडता नये. देव खोळंबलो हा. पुरां कर."

मी पुरं केलं, दादा. देवळात, दसऱ्याला, सगळ्यांच्या समोर. प्रत्येक ओळीला पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. काकांचा बसलेला आवाजही त्यात होता, मला वेगळा ऐकू येत होता. शेवटी, जिथे मानकरी गावाचं मागणं घालतो, तिथे मी एक मागणं माझं घातलं. ह्या घराचो झील दूर दर्यार आसा, तेका घराची वाट दाखय. जरा थांबले. मला वाटलं इथे गप्प राहतील.

व्हय म्हाराजा, म्हणाले. सगळे. आई बायकांच्या बाजूने म्हणाली, आणि तिच्याकडे कोणी वळून बघितलं नाही.

नंतर कौल झाला. या वेळी प्रश्न काय घालायचा यावरच अर्धा तास गेला, कारण काका म्हणाले, गेल्या वेळी आपण अर्धाच विचारला होता. सत्यवानाकडे मान परत द्यावा काय, असं स्पष्ट नाव घेऊन विचारलं. पाकळी उजवी पडली. मला देवापुढे पाच नारळ आणि चूक कबूल करायची शिक्षा झाली. ती मी आनंदाने घेतली. शिक्षा झाली म्हणजे मी केलं हे मानलं.

एक प्रश्न उरतो, तो तुझ्यापुढे ठेवते. मी परत एकदा तेच केलं की काय? ज्या गोष्टीमुळे तुझा मान गेला, तीच मी काल भर देवळात उभी राहून केली, आणि मला बरं वाटलं. काल रात्री यावर तीन पानं लिहिली. सकाळी वाचली आणि ठरवलं की हो, तेच केलं, आणि या वेळी ते बरोबर होतं. तुला तसं वाटत नसेल तर इथे येऊन सांग.

बाहेर निघताना लवू भेटला. म्हणाला, "सत्यवानाक लिव, तेचो सेनापतीचो मान मी सांभाळलंय, तेची ती कवटी माझ्या माळ्यार आसा. कोंबडी अंडी घालता तेतूर." ते पुण्याला कळवणार आहे, त्यांना हवी असेल. खोकल्याचंही कळवायचं आहे. दहा वर्षांचा वाद मिटेल.

गुणाजीकाका म्हणाले, या वर्षाचे बाकीचे सण ते कसेबसे ओढतील. पुढचा दसरा नाही. तू प्रितमला घेऊन मे महिन्यात ये, सडा तेव्हा खरा दिसतो. रेल्वेने कुडाळला उतर, आम्ही दोघं न्यायला येऊ. ओळी विसरला असशील तर लाजू नकोस. मला पाठ आहेत. माजघरात बसू, प्रितमलाही बसवू, आणि तांदूळ या वेळी तू निवड.

पुढच्या दसऱ्याला तू देवापुढे उभा राहशील तेव्हा मी खांबाच्या पलीकडे असेन. तिसऱ्या ओळीनंतर जरा थांब. तिथलं खोकायचं काम माझ्याकडे.

तुझी,
यशोदा